विहिरीतल्या उष्णतेची मोट

डिसेंबरातल्या पहाटे मोसम खोऱ्यातल्या एखाद्या जुन्या बांधीव विहिरीत डोकावले, तर पाण्यावर वाफेचा विरळ थर दिसतो आणि नुकते शेंदलेले पाणी हाताला कोमट लागते. मे महिन्याच्या दुपारी त्याच विहिरीत सूर मारणाऱ्या मुलांना मात्र तेच पाणी गार लागते. विहीर हिवाळ्यात तापते आणि उन्हाळ्यात निवते, असे यावरून अनेकांना वाटते. पण दोरीला थर्मामीटर बांधून दोन्ही महिन्यांत तो पाण्यात खोलवर सोडला, तर आकडा जवळपास एकच येतो. बदललेली असते ती भोवतालची हवा. याच खोऱ्यातल्या मालेगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा दहा-अकरा अंशांवर उतरते आणि मे महिन्यात दुपारी ४२ अंशांच्या पुढे जाते. जमिनीखालचे पाणी मात्र वर्षभर २६-२७ अंशांच्या आसपास राहते.

स्वीडन, स्वित्झर्लंड, जर्मनी अशा थंड देशांत जमिनीखालच्या किंवा तळ्या-नदीच्या पाण्याच्या याच स्थिरपणावर घरे ऊबदार ठेवली जातात. पाण्यातली उष्णता यंत्राने ओढून घ्यायची आणि फरशीखाली पुरलेल्या नळ्यांतून घरभर पसरवायची, अशी ती व्यवस्था असते. या यंत्राला हीट पंप म्हणतात. एक युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता मिळते, अशी त्याची ख्याती आहे. ज्या गावात घर तापवायची गरजच पडत नाही, तिथे या तंत्राचा काय उपयोग, असा प्रश्न साहजिक आहे. उपयोग आहे, पण युरोपात जो हिशेब मांडतात तो इथे उलटा करून घ्यावा लागतो. तो कसा, हे समजण्यासाठी आधी यंत्र समजून घेऊ.

जमिनीखाली ऋतू का पोहोचत नाहीत

माती आणि कातळ उष्णतेला फार सावकाश वाट देतात. दुपारचे ऊन जमिनीत झिरपू लागते तोवर रात्र होते आणि वरचा थर परत निवतो, त्यामुळे दिवसरात्रीचा चढउतार हात-दोन हात खोलीवरच संपतो. उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार वर्षभराचा असल्याने तो अधिक खोल जातो. पण साधारण दहा मीटर, म्हणजे तीस-पस्तीस फुटांवर तोही जवळजवळ मिटतो. त्याखाली जे तापमान उरते ते त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतके, किंवा त्याहून अंश-दीड अंश जास्त असते. मालेगावची वार्षिक सरासरी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या घरात आहे, म्हणून इथले भूजल तेवढे. झुरिकची सरासरी नऊ-दहा अंश, म्हणून तिथले भूजल दहा-अकरा अंशांचे. वज्रेश्वरी किंवा उनपदेवच्या गरम झऱ्यांशी याचा संबंध नाही. तिथे पाणी खूप खोल जाऊन तापून वर येते. इथे बोलतो आहोत ते साध्या विहिरीच्या, साध्या पाण्याबद्दल.

आता मुद्दा असा, की दहा अंशांच्या पाण्यातही उष्णता असते. हे चमत्कारिक वाटते, कारण गार वस्तूत उष्णता नसते असे आपण धरून चालतो. पण दहा अंशांचे पाणी पाच अंशांवर आणले, तर त्यातून काही तरी बाहेर गेलेच ना? एक लिटर पाणी पाच अंशांनी निवते तेव्हा सुमारे एकवीस हजार ज्यूल उष्णता बाहेर पडते. ती पाण्यात होतीच. अडचण एवढीच, की ती खालच्या पातळीवर आहे आणि आपल्याला हवी आहे वरच्या पातळीवर.

यंत्र उष्णता बनवत नाही, उचलते

ज्यांनी विहिरीवर चाललेली मोट पाहिली आहे किंवा तिच्याविषयी घरच्या थोरल्यांकडून ऐकले आहे, त्यांना हीट पंप समजायला वेळ लागणार नाही. धावेवरून उतरणारे बैल पाणी निर्माण करत नाहीत. पाणी विहिरीत असतेच. बैल ते खालून वर आणून थारोळ्यात ओततात. बैलांचे कष्ट दोन गोष्टींवर ठरतात: किती पाणी काढायचे आणि ते किती खोल आहे. उष्णतेच्या बाबतीत खोली म्हणजे दोन तापमानांतले अंतर. दहा अंशांच्या पाण्यातली उष्णता पस्तीस अंशांवर न्यायची तर पंचवीस अंशांची मोट. पंचावन्न अंशांवर न्यायची तर पंचेचाळीस अंशांची. वीज इथे बैलांच्या जागी आहे. नेहमीच्या गीझरमध्ये हीच वीज उष्णता नव्याने तयार करते, म्हणून एका युनिटाला एकच युनिट मिळते. हीट पंपात एक युनिट वीज तीन युनिट उष्णता वर उचलते आणि स्वतःही उष्णता होऊन त्यात मिसळते. हाती चार युनिट येतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुठेही मोडत नाही, कारण उरलेली तीन युनिटे विहिरीतून आलेली असतात आणि तेवढ्या प्रमाणात विहिरीचे पाणी गार झालेले असते.

हे उचलणे प्रत्यक्षात घडते कसे? लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगडीला जोडलेल्या गॅसच्या सिलिंडरवर दव जमते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. आतला द्रवरूप गॅस उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून, भोवतालच्या हवेतून ओढून घेतो, म्हणून पत्रा गार पडतो. म्हणजे योग्य द्रव निवडला तर तो गार पाण्याच्या उष्णतेनेही उकळतो. हीट पंपात असाच द्रव असतो. काही यंत्रांत तर प्रोपेन, म्हणजे आपल्या सिलिंडरातल्या गॅसचाच एक घटक. विहिरीच्या पाण्याला टेकून तो उकळतो, पाण्याची उष्णता घेतो आणि वायू होतो. मग विजेवर चालणारा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. दाबल्यावर वायू तापतो, हे सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते त्यावरून माहीत आहे. तापलेला वायू आता घरातल्या नळ्यांच्या पाण्याला टेकतो, त्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो, एका बारीक झडपेतून जाताना त्याचा दाब उतरतो, तो गार होतो आणि परत विहिरीच्या पाण्याकडे येतो. घरचा फ्रिज हेच करतो. आतल्या दुधाभाजीची उष्णता उचलून मागच्या बाजूला टाकतो. फ्रिजची पाठ गरम लागते ती याचमुळे.

या उचलण्याला मर्यादा किती, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली मांडलेल्या विचारातून निघते. वरचे तापमान निरपेक्ष मापाने घ्यायचे, म्हणजे अंशांत २७३ मिळवायचे, आणि त्याला दोन तापमानांतल्या अंतराने भागायचे. जे येते तो आदर्श परतावा. त्याहून जास्त कोणतेही यंत्र कधीही देऊ शकत नाही. यंत्रातले घर्षण आणि पाण्यापासून द्रवापर्यंत उष्णता पोहोचवताना जाणारे अंश यांमुळे चांगल्या यंत्राच्या पदरात आदर्शाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्केच पडतात. पण महत्त्वाचे आहे ते भागाकारातले अंतर. ते जितके कमी, तितका परतावा मोठा. कंपनी कोणती, मॉडेल कोणते, याने थोडा फरक पडतो. खरा निकाल हे अंतर लावते. अशा यंत्राने इमारती तापवता येतील, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनने १८५२ सालीच सुचवले होते. झुरिकच्या नगर-सभागृहात लिमाट नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप १९३८ साली बसला.

पायाखालची फरशीच का

थंड देशांत हे यंत्र फरशीखालच्या नळ्यांना जोडतात, त्याचे कारण या भागाकारातच आहे. खोलीला ठरावीक उष्णता द्यायची असेल तर ती लहान पण खूप तापलेल्या वस्तूतून देता येते, किंवा मोठ्या पण जेमतेम कोमट वस्तूतून. भिंतीला लावलेले लोखंडी रेडिएटर आकाराने लहान, म्हणून त्यांत पंचावन्न-साठ अंशांचे पाणी खेळवावे लागते. फरशी म्हणजे खोलीची सगळी लांबी-रुंदी. ती हवेपेक्षा सात-आठ अंशांनीच गरम असली तरी पुरते. युरोपीय मानकात तर राहत्या भागातली फरशी २९ अंशांपेक्षा गरम असू नये असेच म्हटले आहे, कारण त्यापुढे पाय उबून त्रास होतो. अशा फरशीला पस्तीस अंशांचे पाणी भागते.

आता दोन्हींचा हिशेब शेजारी ठेवू. दहा अंशांच्या पाण्यावरून पस्तीस अंश गाठायचे तर ३०८ भागिले २५, आदर्श परतावा बारा. प्रत्यक्षात पाचाच्या आसपास. तेच पाणी पंचावन्न अंशांवर न्यायचे तर ३२८ भागिले ४५, आदर्श सात, प्रत्यक्षात तीन-सव्वातीन. यंत्र तेच, पाणी तेच, घर तेच. फक्त रेडिएटर काढून फरशी तापवली तर वीज तिसऱ्या हिश्श्याने वाचते. अंतर एका अंशाने वाढले की परतावा दोन-तीन टक्क्यांनी घसरतो, असा यंत्र बसवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. फरशीवर जाड गालिचा टाकला की नळ्यांतले पाणी अधिक गरम ठेवावे लागते आणि तेवढ्यानेही परतावा उतरतो. दगडी फरशी म्हणूनच लाकडी तक्त्यांपेक्षा बरी. आपली शहाबादी या कामाला उत्तम ठरली असती.

मालेगावात प्रश्नच वेगळा

ठरली असती असे म्हणायचे, कारण मालेगावात फरशी तापवायची वेळ येत नाही. नाशिक जिल्ह्यात थंडीसाठी निफाडचे नाव दरवर्षी वर्तमानपत्रांत येते, पण तिथेही कडाक्याच्या रात्री मोजक्याच. चार रात्रींसाठी फरशी खोदून नळ्या पुरणे शहाणपणाचे नाही. मग या तंत्राचा उरलेला उपयोग म्हणजे गरम पाणी. घरची आंघोळ, दवाखाने, वसतिगृहे, लॉज, आणि मालेगावात तर हिवाळ्यात फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी (वजूसाठी) मशिदींत लागणारे कोमट पाणी. सत्तावीस अंशांची विहीर आणि पंचेचाळीस अंशांची बादली यांत अंतर अवघे अठरा अंशांचे. कागदावर तर मालेगावची विहीर झुरिकच्या विहिरीपेक्षा कितीतरी श्रीमंत दिसते.

| शंभर लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर न्यायचे तर |
|---|
| पाण्याला लागणारी उष्णता: सुमारे २.३ युनिट |
| विजेच्या गीझरला लागणारी वीज: तेवढीच, थोडी गळती धरून अडीच युनिट |
| चार पट परतावा देणाऱ्या हीट पंपाला लागणारी वीज: सुमारे ०.६ युनिट |

पण इथे सावकाश विचार करायला हवा. विहीर श्रीमंत आहे हे खरे, पण मालेगावची हवाही तितकीच श्रीमंत आहे. युरोपात हिवाळ्यात हवा शून्याखाली जाते, म्हणून तिथे दहा अंशांचे पाणी हवेपेक्षा मोलाचे ठरते. मालेगावात थंडीतही दुपारी हवा अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. पाण्याऐवजी हवेतून उष्णता घेणारा हीट पंप दुपारी चालवला आणि गरम पाणी चांगल्या वेष्टनाच्या टाकीत पहाटेपर्यंत साठवले, तर विहिरीचा फायदा जवळजवळ शून्यावर येतो. हवेचे यंत्र स्वस्त, त्याला विहीर नको, पाइप नको, उपसा नको. म्हणून केवळ गरम पाण्यासाठी मालेगावात पाण्यावरचा हीट पंप बसवणे मला पटत नाही. आणि यंत्र घेण्याआधी करण्यासारखी एक फुकटची गोष्ट आहे. पहाटे नळाला येणारे पाणी गार असते ते गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत रात्रभर निवल्यामुळे. तेच पाणी पहाटे थेट विहिरीतून किंवा जमिनीखालच्या हौदातून घेतले तर ते दहा-बारा अंशांनी गरम मिळते. वजूसाठी बहुधा तेवढे पुरतेही.

विहिरीचे खरे काम मे महिन्यात

उलटा हिशेब तो इथे सुरू होतो. एअर कंडिशनर हाही हीट पंपच; तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरची हवा बेचाळीस अंशांची असेल तर त्याच्या आतला वायू पंचावन्न अंशांच्या आसपास तापवावा लागतो, तेव्हाच तो हवेला उष्णता देऊ शकतो. आतल्या बाजूला तोच द्रव दहा अंशांवर उकळत असतो. म्हणजे मोट पंचेचाळीस अंश खोल. बाहेरच्या हवेऐवजी सत्तावीस अंशांच्या भूजलात उष्णता टाकली, तर वायू पस्तीस अंशांवरच द्रव होतो आणि मोट पंचवीस अंशांची राहते. तेवढ्याच गारव्याला सुमारे चाळीस टक्के कमी वीज. हवा जितकी जास्त तापेल तितका हा फायदा वाढत जातो, आणि साध्या एसीची दमछाकही नेमकी त्याच दुपारी होते.

त्याहून साधा मार्ग म्हणजे यंत्रच गाळून टाकणे. मे महिन्यात मालेगावच्या स्लॅबच्या घरात आतली हवा चौतीस-पस्तीस अंश असते. फरशीखालच्या नळ्यांतून सत्तावीस अंशांचे पाणी नुसते फिरवले, तर फरशी एकोणतीस-तीस अंशांवर येते आणि दर चौरस मीटरमागे पस्तीसेक वॅट उष्णता शोषून घेते. शंभर चौरस फुटांच्या खोलीत हे सव्वातीनशे वॅट होतात, म्हणजे बसलेल्या तीन माणसांच्या अंगातून निघणारी उष्णता. एक टनाचा एसी याच्या दहापट काम करतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण इथे मिनिटाला अडीच-तीन लिटर पाणी फिरवणारा वीस-तीस वॅटचा छोटा पंप पुरतो. खर्च केलेल्या विजेच्या दहापटीहून जास्त उष्णता बाहेर जाते. कोणताही एसी इतका परतावा देत नाही. खोली चोवीस अंशांची होणार नाही; पंख्याखाली बसवेल आणि रात्री झोप लागेल, एवढी होईल.

यावर पहिली शंका ओलीची येते. गार फरशीवर दव सुटेल, पाय घसरतील. हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते ते तापमान मालेगावात मे महिन्यात वीस अंशांच्या खालीच असते आणि पावसाळ्यातही बावीस-चोवीसच्या वर सहसा जात नाही. फरशी एकोणतीस अंशांची असल्याने ओल धरण्याचा प्रश्न येत नाही. फरशीत किंवा छतात यंत्राने खूप गार केलेले पाणी सोडणाऱ्या इमारतींना मात्र ही काळजी घ्यावी लागते. हैदराबादजवळ पोचारम इथे इन्फोसिसने २०११ साली एका इमारतीचा अर्धा भाग नेहमीच्या वातानुकूलनावर आणि अर्धा स्लॅबमधल्या नळ्यांवर चालवला. नळ्यांच्या भागाला ३४ टक्के कमी ऊर्जा लागली. आपल्या उष्ण हवेत नळ्यांचा गारवा टिकतो, याचा हा मोजून घेतलेला पुरावा आहे.

दुसरी शंका अधिक वजनदार. मे महिन्याच्या कोरड्या हवेत साधा वाळ्याचा कूलरही उत्तम चालतो आणि तो पुष्कळ स्वस्त आहे. हे मान्यच. पण कूलर पाणी पितो. एका खोलीमागे दिवसाला कित्येक हंडे, आणि तेही नेमके टंचाईच्या दिवसांत. जून-जुलैत हवा दमट झाली की तो निकामी होतो. फरशीतले पाणी फिरून परत येते, थेंबही आटत नाही. नवे घर बांधताना नळ्या टाकण्याचा खर्च फार होत नाही. जुने घर फोडून मात्र हे करू नये. आणि घर नवे असो की जुने, आधी छताकडे पाहावे. पत्र्यावर किंवा गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिल्याने जी उष्णता आत येतच नाही, ती बाहेर काढायला ना नळ्या लागतात ना पंप.

मालेगावातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये फरशीतल्या नळ्यांचा हा उपाय कितपत चालेल? अर्धा-पाऊण किलोवॅटची मोटर असलेला प्रत्येक माग खाल्लेली सगळी वीज अखेर उष्णता म्हणून शेडमध्येच सोडतो. चोवीस मागांची शेड म्हणजे पंधरा किलोवॅटच्या आसपास उष्णता, शिवाय तापलेल्या पत्र्याची वेगळी. दीड हजार चौरस फुटांची फरशी त्यातली पाच किलोवॅट ओढेल. तिसरा हिस्साही नाही. पण वाऱ्याने ताण्याचे धागे हलतात म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेल्या शेडमध्ये बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने तेवढाही फरक मोठा आहे. गावाची सगळी संपत्ती ज्यांच्या हातांतून विणली जाते, त्यांच्या पायाखालची जमीन दोन-चार अंशांनी गार करण्याचा विचार शेड बांधताना व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

उपसा किती खोलवरून

विहिरीतल्या उष्णतेची मोट हलकी असली तरी पाण्याची मोट जड असू शकते, आणि बहुतेक आकर्षक हिशेब इथेच कोसळतात. एक लिटर पाण्यातून पाच अंश काढले तर एकवीस हजार ज्यूल मिळतात, हे वर पाहिले. तोच लिटर दहा मीटरवरून वर आणायला घरगुती पंपाला अडीचशे ज्यूल लागतात. शंभर मीटरच्या बोअरवेलमधून आणायला अडीच हजार. पाचपट परतावा देणारा हीट पंप दहा मीटरच्या विहिरीवर ४.८ पटींवर येतो. शंभर मीटरच्या बोअरवर तो ३.४ पटींवर घसरतो. साठ मीटरच्या आसपास तो हवेवर चालणाऱ्या यंत्राच्या बरोबरीला येतो आणि त्याखाली पाण्याचा काहीच फायदा उरत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानून अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर निर्बंध घातले आहेत. तो आकडा पाणी वाचवण्यासाठी ठरला. ऊर्जेचा हिशेबही योगायोगाने तिथेच येऊन थांबतो.

यावरचा तोडगा म्हणजे पाणी वर आणून सोडून न देता बंद नळीत फिरवणे. परतीची नळी विहिरीतल्या पाण्याच्या पातळीखाली बुडवली आणि सगळा मार्ग पाण्याने भरलेला राहिला, तर उतरणारे पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते आणि पंपाला फक्त नळीतल्या घर्षणापुरते काम उरते. मात्र हा तोल पंपाची जागा पाण्यापासून आठ-नऊ मीटरच्या आत असेल तरच सहज साधतो. त्याहून खोल असेल तर विहिरीत नळीचे वेटोळे सोडून त्यात वेगळे पाणी फिरवावे लागते. मालेगावसारख्या तहानलेल्या गावात, जिथे पिण्याचे पाणी गिरणा धरण आणि चणकापूरवरून आणावे लागते, तिथे गारव्यासाठी पाणी उपसून गटारात सोडण्याचा विचारही कोणी करू नये.

विहीर किती उष्णता पचवेल, हाही प्रश्न आहे. वीस फूट व्यासाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असेल तर ते सव्वा-दीड लाख लिटर भरते. एका खोलीची दिवसभराची उष्णता त्यात टाकली तर पाणी एका अंशाच्या पन्नासाव्या भागाने तापते. दोन महिन्यांत अंश-सव्वा अंशाने. पण दहा घरांनी एकाच विहिरीवर नळ्या सोडल्या तर मेअखेर विहीर कोमट होऊन सगळ्यांचाच गारवा संपेल. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी फटींतून आणि झिजलेल्या थरांतून येते, साठाही थोडाच असतो, त्यामुळे ताजे पाणी येऊन विहीर लवकर निवेल ही आशा कमी. मालेगावच्या आसपासच्या कसमादे पट्ट्यात कित्येक विहिरी एप्रिलातच तळ गाठतात. त्यांच्यावर असली व्यवस्था उभी करणे व्यर्थ आहे.

सायझिंग आणि कोळशाचा आक्षेप

गरम पाण्याचा विषय निघाला की मालेगावात सायझिंगची आठवण होणारच. मागावर तुटू नये म्हणून ताण्याच्या सुताला खळ चढवतात. ती खळ वाफेने शिजते आणि खळ चढलेले सूत वाफेच्या गरम रुळांवर वाळते. या बॉयलरांत लाकडाबरोबर प्लास्टिकचा कचरा जाळला जातो, अशा तक्रारी शहरात वारंवार होत आल्या आहेत. हीट पंप हा धूर थांबवेल का? बॉयलरचे पाणी सत्तावीसवरून पासष्ट अंशांपर्यंत हीट पंपाने तापवून दिले, तरी वाफेसाठी लागणाऱ्या एकूण उष्णतेपैकी शेकडा सहाच भागते. बाकी सगळी उष्णता पाणी उकळून वाफ करण्यात जाते. शंभरावर तापमान देणारे औद्योगिक हीट पंप निघाले आहेत, पण अंतर वाढल्याने त्यांचा परतावा दोन-अडीचवर येतो आणि किंमत लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेर जाते. त्या धुराला उत्तर बॉयलरमध्ये काय जाळले जाते यावरच्या कडक देखरेखीत आहे. हीट पंपाच्या नावाखाली तो प्रश्न पुढे ढकलला जाऊ नये.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे. आपली बरीचशी वीज कोळशावर होते. केंद्रात शंभर भाग कोळशाच्या उष्णतेतून पस्तीसेक भाग वीज होते आणि वाटेतल्या गळतीनंतर घरी तीसेक भाग पोहोचते. मग विजेवर पाणी तापवण्यापेक्षा थेट इंधन जाळणे बरे नाही का? साध्या गीझरबद्दल हा आक्षेप पूर्ण खरा आहे: शंभरातले तीसच हाती लागतात, तर गॅस गीझर ऐंशीहून अधिक देतो. पण चौपट परताव्याचा हीट पंप त्या तीसांचे एकशे वीस करतो. म्हणजे परतावा पावणेतीनच्या वर टिकला तर हीट पंप गॅसलाही मागे टाकतो, खाली आला तर हरतो. ज्यांची गच्ची मोकळी आहे त्यांनी मात्र आधी सौर बंबच घ्यावा. मालेगावच्या उन्हात वर्षातले आठ-नऊ महिने त्याच्याशी कोणीच स्पर्धा करू शकत नाही.

नवे घर, दवाखाना किंवा शेड बांधणाऱ्यांनी जाहिरातीतली ‘चारपट’, ‘पाचपट’ ही अक्षरे बाजूला ठेवून तीन गोष्टी मोजून घ्याव्यात: विहिरीतल्या पाण्याचे तापमान, मेअखेरीस पाणी किती खोलवर असते, आणि आपल्याला नेमके किती अंशांचे पाणी किंवा किती गारवा हवा आहे. एक थर्मामीटर आणि एक लांब दोरी यांवर हे काम होते. मे महिन्यात पाणी आठ-नऊ मीटरच्या आत आणि विहिरीत पुरुषभर शिल्लक असेल, तर फरशी टाकण्यापूर्वी तिच्याखाली नळ्या अंथरून घ्याव्यात. नसेल, तर तो पैसा छतावर घालावा.